माणसांच्या निर्णयांचेही व्हाउचर असू द्या : आमच्या सहकारी बँकेच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

शाखाधिकारीपदाच्या बढत्यांची यादी नुकतीच लागली. यादीत सात नावे आहेत आणि सातही पुरुषांची आहेत. ज्येष्ठता यादीत वरच्या पाचांत आम्ही तिघी होतो. तिघींपैकी एकीचीही निवड का झाली नाही, असे विचारणारा अर्ज मी रीतसर आवक विभागात दिला. त्याला लेखी उत्तर आले नाही, तोंडी आले. तेही फार आपुलकीने, समोर चहा ठेवून : "मॅडम, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण शाखाधिकारी म्हटलं की वसुली आली. बायकामाणसांना वसुलीला कसं पाठवायचं? उद्या काही झालं तर?"

हे उत्तर कागदावर द्या, अशी विनंती मी केली. ती मान्य झाली नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

बँकेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ते वाचून उद्या सकाळी ठेवीदारांनी रांग लावावी, असा माझा हेतू नाही. आपली बँक बुडते आहे असेही मी म्हणत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात अशी एखादी बँक सापडेल, आणि तिथल्या बायका हे पत्र वाचून ‘ही आमचीच बँक’ म्हणतील, याची मला खात्री आहे.

या बँकेशी माझे नाते पगारापुरते नाही. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती जुनी सभासद आहे आणि निवृत्तीचे सगळे पैसे तिने इथेच मुदत ठेवीत ठेवले आहेत. मी लेखी परीक्षा देऊन क्लार्क म्हणून लागले. नोकरी करता करता सहकार आणि लेखाशास्त्राची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका केली, बँक कर्मचाऱ्यांची जेएआयआयबी ही परीक्षा दिली. कॅश, क्लिअरिंग, ठेवी, लॉकर, केवायसी अशी सगळी टेबले फिरले. कर्ज आणि वसुली ही दोन टेबले मात्र मला कधीही मिळाली नाहीत.

तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यातून निघतात.

बढतीच्या निकषांत ‘कर्ज व वसुली विभागाचा अनुभव’ याला सर्वाधिक गुण आहेत. या दोन विभागांत महिलांची नेमणूक करायची नाही, असा कुठलाही ठराव नाही, परिपत्रक नाही. पण माझ्या माहितीत तिथे एकही महिला अधिकारी बसलेली नाही. म्हणजे अनुभव मिळण्याची जागा आधी बंद ठेवायची आणि मग अनुभव नाही म्हणून गुण कापायचे. निवड समितीतल्या एकाही माणसाने भेदभाव केला नाही तरी निकाल हाच लागणार. ‘आम्ही तर गुणांवरच निवड केली’ असे आपण म्हणता तेव्हा आपण खोटे बोलत नाही, हे मला मान्य आहे. खोट आहे ती त्याच्या आधीच्या पायरीवर, आणि त्या पायरीवर कुणाचीही सही नाही.

आता वसुलीबद्दल. आपल्या मनात वसुलीचे चित्र आहे ते जुने : मोटारसायकलवर दोघे-तिघे, कर्जदाराच्या ओसरीवर ठाण मांडायचे, आवाज चढवायचा, चारचौघांत अब्रू काढायची. तशी वसुली आता कायद्यातही बसत नाही. कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, त्याला धमकावू नये, त्याचा अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच बजावले, आणि ते नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे. मग ‘रात्री-अपरात्री बायकांनी कसं जायचं’ हा प्रश्न येतो कुठून? रात्री-अपरात्री कुणीच जायचे नाही.

खरी वसुली होते ती टेबलावर. ९० दिवसांहून जास्त हप्ता थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) होते. त्याआधीच पाठपुरावा केला तर निम्मे काम होऊन जाते. पुढे एकतर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला घ्यायचा आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती-लिलावाकडे जायचे, नाहीतर सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस द्यायची. सरफेसी सहकारी बँकांनाही लागू आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये शिक्कामोर्तब केले. ताबा घ्यायची वेळ आली तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो आणि पोलीस बंदोबस्त मिळतो. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते. नोटिशीत एक तारीख चुकली, जामीनदाराचा पत्ता अर्धवट राहिला, तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात सगळे मुसळ केरात. या कामाला मनगट लागत नाही. कागद नीट वाचणारे डोळे लागतात.

हे मला कसे माहीत? कारण या नोटिसांचे मसुदे बरीच वर्षे मीच तयार करते. ‘मॅडम, जरा बघून द्या ना, तुमची भाषा चांगली आहे’ असे म्हणून वसुली विभागातल्या फाइली माझ्या टेबलावर येतात. मी मसुदा करते, सही दुसऱ्याची होते आणि अनुभव त्याच्या नावावर जमा होतो. माझ्या सेवापुस्तकात मी ठेव विभागात आहे.

आणि आणखी एक. आपल्याच वार्षिक अहवालात महिला बचत गटांच्या परतफेडीचे दरवर्षी कौतुक असते. ती वसुली कोण करते? गटाच्या अध्यक्षा, सचिव, घरोघरी जाणाऱ्या बायका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ पासून माणदेशी महिला सहकारी बँक चालू आहे. ती बायकांनी बायकांसाठी चालवलेली बँक आहे. रिझर्व्ह बँकेत उषा थोरात २००५ ते २०१० उपगव्हर्नर होत्या. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सेवा, देताना शारीरिक मर्यादा आणि घरच्या जबाबदाऱ्यांची सबब सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये फेटाळून लावली. सीमेवरच्या सैन्याला जी सबब चालली नाही, ती आपल्या तालुक्यातल्या ट्रॅक्टर कर्जाच्या वसुलीला कशी चालते?

दुसरी तक्रार मुलाखतीची. समोर बसलेल्यांनी मला विचारले : घरी कोण कोण असते? मुलगा दहावीला आहे ना? बदली झाली तर मिस्टरांची अडचण होईल का? माझ्यानंतर जे सहकारी आत गेले त्यांचीही मुलगी दहावीलाच आहे. त्यांना सीआरएआर (जोखमीच्या मानाने बँकेचे भांडवल) आणि थकबाकीवर प्रश्न आले. मी तयारी करून गेले होते, मलाही ते विचारायला हवे होते. गुणपत्रिका मागितली तर ‘गोपनीय’ असे कळले.

तिसरी तक्रार तोंडी हुकमांची आहे, आणि ती केवळ महिलांची नाही. आपल्या बँकेत बदली संध्याकाळी पाचला तोंडी कळते, आदेश आठ-दहा दिवसांनी निघतो, कधी निघतही नाही. कामाचे वाटप व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री दहाला होते. आढावा बैठक ऑफिस सुटल्यावर, कधी एखाद्या संचालकांच्या फार्महाऊसवर. आम्हाला सांगितले जाते, "तुम्ही नका थांबू, उशीर होईल." काळजी म्हणून ठीक आहे. पण कुणाला कोणती शाखा, कोणते कर्ज आधी मार्गी लावायचे, हे तिथेच ठरते. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात आमच्यापुढे ‘पुढाकार कमी’ असा शेरा येतो. कोणत्या बैठकीत पुढाकार घ्यायचा होता?

याच ढिलाईतून दुसरी एक सवय पडली आहे, ती मला जास्त घाबरवते. ‘साहेब बाहेर गेलेत, त्यांच्या आयडीने पास करून टाका.’ पासवर्ड चिठ्ठीवर लिहून काउंटरवर ठेवलेला असतो. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हा नियम नुसता फलकावर लावायचा नसतो. नव्याने लागलेल्या मुलींना हे काम सांगितले जाते, कारण त्या नाही म्हणत नाहीत. उद्या काही घोटाळा निघाला तर कॉम्प्युटरवर त्या वेळी कोण बसले होते, हे कॅमेऱ्यात दिसेल आणि चौकशी त्या मुलीची होईल. मी एकदा स्पष्ट नकार दिला. तेव्हापासून माझ्याबद्दल ‘अ‍ॅटिट्यूड आहे’ असे बोलले जाते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांआड एका उद्योगसमूहाची कर्जे लपवली गेली होती, ते सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. ठेव विमा आहे तो ५ लाखांपर्यंतच. माझ्या आईसारखी माणसे त्याच्या वरच्या रकमेवर फक्त तुमच्या भरवशावर झोपतात.

अध्यक्ष साहेब, आपल्या बँकेत चहाच्या बिलालाही व्हाउचर लागते. दहा रुपयांचा फरक राहिला तरी कॅश जुळेपर्यंत कॅशियर घरी जात नाही. आणि माणसाच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीचा निर्णय मात्र कुठल्याही नोंदीशिवाय होतो. मला सगळ्यात जास्त हेच लागते. नोंद नसली की पूर्वग्रहाला पुरावा राहत नाही. कुणी आम्हाला शिव्या देत नाही, कुणी अपमान करत नाही, सगळे ‘ताई’ म्हणतात, आणि तरी दरवेळी ताईच मागे राहतात.

काही गोष्टी थोडक्यात सांगते. ग्रामीण भागातल्या आपल्या दोन शाखा भाड्याच्या गाळ्यांत आहेत, तिथे महिलांसाठी स्वच्छतागृह नाही. मुली शेजारच्या घरी विचारून जातात, नाहीतर दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातल्या एका शाखेवर तान्हे मूल असलेल्या सहकारी महिलेची बदली झाली. शेवटची एस.टी. निघून गेल्यावर तासाभराने डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, होतो. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे, २०१७ पासून. ती मिळते, पण त्या वर्षीची वेतनवाढ ‘हजेरी अपुरी’ म्हणून पुढे ढकलली जाते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, हेही त्याच वर्षी कायद्यात आले. आपल्याकडे कर्मचारी शंभराच्या वर आहेत.

वार्षिक सभेत शाल-श्रीफळाचे ताट धरून व्यासपीठाच्या कडेला कोण उभे असते, ते फोटोत पाहा. सगळ्या महिला अधिकारी, एकसारख्या साड्यांत. त्याच सभेत अहवाल वाचायला, ताळेबंद समजावून सांगायला त्यांच्यापैकी कुणी असते का? ८ मार्चला गुलाब मिळतो, संक्रांतीला हळदीकुंकवासाठी अर्धा दिवस मिळतो. हळदीकुंकवाला माझा विरोध नाही, मलाही आवडते. पण त्याचा खर्च ‘महिला सक्षमीकरण’ या सदराखाली टाकू नये.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरचा सदस्य. आपला फलक जिन्याखाली आहे. त्यावरच्या एक सदस्य केव्हाच निवृत्त झाल्या. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून फलक आहे, इतकेच. माझी तक्रार छळाची नाही. ती कुठे करायची याला तर जागाच नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी आणि तिच्यात महिलांना प्रतिनिधित्व असावे, हेही कायद्यातच आहे. ती आपल्याकडे कागदावरसुद्धा नाही. कर्मचारी संघटनेकडे गेले तर तिथले बंधू म्हणाले, "मॅडम, आधी बोनसचं मिटू द्या." संघटनेच्या कार्यकारिणीत एकही महिला नाही, हे वेगळे सांगायला नको.

मा. संचालिका ताई, तुम्हा दोघींनाही एक विनंती. सहकार कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव ठेवल्या, म्हणून तुम्ही त्या टेबलाशी बसला आहात. बढतीची यादी मंजूर झाली त्या सभेत तुम्ही होतात. ‘सर्वानुमते मंजूर’ असे इतिवृत्तात आहे. तुम्हाला ती यादी आधी वाचायला मिळाली होती का, की सही करतानाच पाहिलीत? हा टोमणा नाही. तुमच्याबाबतीतही तेच होत असेल तर आम्हाला कळायला हवे.

न्याय म्हणून हेही लिहिते : कर्जप्रस्ताव कसा वाचायचा, सात-बारावरचा बोजा कुठे बघायचा, तारण मूल्यांकनाच्या अहवालात काय लपवलेले असते, हे मला या बँकेतल्या एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांनी शिकवले. ते पुरुषच होते. त्यांनी शिकवले तेव्हा मिस्टरांबद्दल विचारले नाही. यादीतल्या सात जणांशीही माझे भांडण नाही. त्यांतले दोघे तर उत्तम अधिकारी आहेत.

नेमणूक झाल्यानंतर बढती, प्रशिक्षण आणि बदली यांत केवळ स्त्री म्हणून भेद करू नये, ही तरतूद समान मोबदला कायद्यात १९८७ मध्येच आली होती. मूळ कायदा १९७६ चा. म्हणजे मी काही नवे मागत नाही. मागण्या अशा आहेत.

बढतीच्या यादीचा निकषनिहाय गुणतक्ता प्रत्येक उमेदवाराला त्याच्यापुरता लेखी द्यावा, आणि ज्यांना डावलले त्यांना कारण कळवावे. ‘वसुली’ हे कारण असेल तर तेच लिहावे. या यादीचा फेरविचार व्यवस्थापन मंडळाने (संचालक मंडळाखेरीज नेमलेले तज्ज्ञांचे मंडळ) करावा. १०० कोटी किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या बँकांना रिझर्व्ह बँकेने व्यवस्थापन मंडळ नेमायला लावले आहे. त्यातल्या तज्ज्ञांना काहीतरी काम द्या.

कर्ज आणि वसुली विभागांत महिला अधिकाऱ्यांच्या नेमणुका या आर्थिक वर्षातच कराव्यात. ज्यांना नको असेल त्यांनी लेखी नकार द्यावा. आमच्या वतीने नकार कुणी गृहीत धरू नये. मसुदा ज्याने केला त्याचे नाव फाइलवर यावे.

मुलाखतीचे प्रश्न सर्वांना सारखे असावेत, कुटुंबाबद्दल एकही नसावा. बदलीचा आणि कामवाटपाचा आदेश लेखी, ऑफिसच्या वेळेत द्यावा. आढावा बैठका ऑफिसात आणि ऑफिसच्या वेळेत व्हाव्यात. त्यांचे इतिवृत्त ठेवावे.

दुसऱ्याच्या आयडीने व्यवहार पास करणे आजपासून बंद व्हावे, आणि नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण आहे असे परिपत्रक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने निघावे. याला पैसे लागत नाहीत, सभेची मंजुरीही लागत नाही.

दोन्ही समित्या कायद्याप्रमाणे नेमाव्यात. रजेमुळे अडवलेल्या वेतनवाढी थकबाकीसह द्याव्यात. पाळणाघराची सोय करावी. आणि त्या दोन शाखांत पावसाळ्याआधी स्वच्छतागृह बांधावे. गाळामालक ऐकत नसेल तर गाळा बदलावा.

हे पत्र लिहिल्यावर माझी बदली होऊ शकते, याची कल्पना आहे. झाली तर जाईन. आदेश मात्र लेखी द्यावा आणि त्यात कारण लिहावे.

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. लेखी प्रश्न सभेआधी मुख्य कार्यालयात द्यावेत, अशी टीप आपल्या नोटिशीत असतेच. तोवर उत्तर आले नाही तर आई सभासद म्हणून तीन प्रश्न देणार आहे : कर्ज व वसुली विभागात आजवर किती महिला अधिकारी नेमल्या, बढतीचे निकष कोणत्या ठरावाने ठरले, आणि दुसऱ्याच्या आयडीने झालेल्या व्यवहारांची तपासणी कुणी केली. प्रश्नांचा मसुदा मीच करून दिला आहे. सही तिची असेल.

कळावे,

आपल्या बँकेच्या मुख्य कार्यालयातील एक महिला अधिकारी

प्रत : अंतर्गत लेखापरीक्षक, कर्मचारी संघटनेचे सचिव, आवक विभाग (पोच मिळावी)